पंचमाखाली घुमणारी वीज

"थांबव गं जरा," अण्णा म्हणाले. "पंचम उतरलाय."

रेकॉर्डवर विलंबित ख्याल चालू होता, पहिलं आवर्तनही पुरतं झालं नव्हतं. मला काहीच खटकलं नव्हतं. अण्णा ८३ वर्षांचे आहेत. डोळ्यांनी आता वाचवत नाही, पण चाळीस वर्षं रोज तानपुरा जुळवलेला कान आहे तो. मी सुई उचलली. गाणं थांबलं आणि हॉलमध्ये एक बारीक, सलग 'घूंऽऽ' उरला. मला तो त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकू आला. त्याआधी किती महिने तो तिथे होता, कोण जाणे.

भाच्याने माझ्या मोबाइलवर सूर मोजायचं अ‍ॅप टाकून दिलं. आकडा आला १००. मग अण्णांनी मला कागद-पेन्सिल घेऊन बसवलं. गायकाची पट्टी काळी एक, म्हणजे षड्ज साधारण १३८.६ हर्ट्झ. त्याखालचा पंचम, तानपुऱ्याची पहिली तार, त्याच्या पाऊणपट म्हणजे १०४च्या आसपास. १०० आणि १०४ एकत्र वाजले की सेकंदाला चार आंदोलनं पडतात, म्हणजे आवाज चार वेळा वर-खाली डुलतो. अण्णांना ऐकू येत होतं ते हेच, पंचमाच्या तारेला खालून चिकटलेलं काहीतरी.

आपली वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरच्या आतलं लोखंड प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणलं जातं आणि आखडतं, म्हणून त्याचा सूर १००चा. ३१ डिसेंबर २०१३ला दक्षिणेचं ग्रिड बाकीच्या देशाशी जोडलं गेलं, तेव्हापासून अख्ख्या भारताची वीज एकाच ठेक्यात धावते, ४९.९० ते ५०.०५च्या पट्ट्यात. म्हणजे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत प्रत्येक घरातला ट्रान्सफॉर्मर त्याच एका पट्टीत घुमतो. ती पट्टी काळी एकच्या पंचमाशी जुळणार नाही, हे मला कागदावर लख्ख दिसलं.

आमचं घर ठाण्यात, पाचपाखाडीत, ८४ सालच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. सिस्टिम मोठी नाही. रेकॉर्ड प्लेअर, त्याचा बारीक सिग्नल मोठा करणारा फोनो प्री-अ‍ॅम्प, एक सीडी प्लेअर, ६० वॉटचा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर. सगळं मिळून ४०० वॉटही खात नाही. पहिला विचार आला तो सगळ्यांना येतो तोच, वीज स्वच्छ करून देणारा 'पॉवर कंडिशनर' घ्यावा. एका मोठ्या दुकानात गेले. काळ्या रंगाचा जड डबा, मागे आठ सॉकेट, पुढे निळा दिवा. किंमत माझ्या अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा जास्त. मी विचारलं, हा नेमका कुठला दोष काढतो? उत्तर आलं, "आवाज खुलतो, ताई. स्टेज रुंद होतो." मी सहकारी बँकेत तीस वर्षं हिशेब तपासले आहेत. कागद बघितल्याशिवाय मी सही करत नाही. घरी परत आले आणि ठरवलं, आधी दुखणं कुठे आहे ते शोधायचं, औषध नंतर.

पहिली तपासणी फुकटातली. आवाजाचं बटण शून्यावर आणलं, अ‍ॅम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या वायरी काढल्या, पुन्हा चालू केला. घुमणं तसंच. म्हणजे ते स्पीकरमधून येतच नव्हतं, अ‍ॅम्प्लिफायरच्या अंगातून येत होतं. कान लावला तर त्याखालचं सागवानी कपाटसुद्धा थरथरत होतं. अण्णा म्हणाले, "भोपळा झालाय तो त्याचा." अगदी खरं. पोकळ लाकडी कपाट त्या सुराला तानपुऱ्याच्या भोपळ्यासारखं मोठं करत होतं. अ‍ॅम्प्लिफायरखाली जाड रबराचे चार तुकडे ठेवले, एवढ्यानेच आवाज बराच उतरला. पण गेला नाही.

मग वायरी परत जोडल्या, फोनो निवडलं आणि सुई उचललेली ठेवून आवाज वाढवला. आता स्पीकरमधून वेगळाच, जाडा, खरखरीत गुंगाट आला. तो ५०चा. सुई ज्यात बसते त्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून जेमतेम पाच मिलिव्होल्ट निघतात, फोनो प्री-अ‍ॅम्प त्यांना शंभरपट करतो, आणि वाटेत शिरलेली घाणही शंभरपट होते. म्हणजे दुखणी दोन होती, एक अंगातलं आणि एक तारेतलं. दुकानदाराच्या डब्याने दोन्ही गेली असती का? एकही खात्रीने गेलं नसतं, हे मला पुढे कळलं.

सॉकेटमध्ये खोचायचा एक छोटा डिजिटल व्होल्टमीटर आणला आणि वही केली. बारा दिवस, दिवसातून सहा वेळा. सकाळी सहाला २४१. दुपारी २२९. रात्री नऊला २०८. एका पहाटे २५६. कायद्याने घरगुती पुरवठा २३०च्या सहा टक्के वर-खाली असायला हवा, म्हणजे साधारण २१६ ते २४४. आमचे आकडे दोन्ही बाजूंनी बाहेर. इथे कुणीही म्हणालं असतं, स्टॅबिलायझर घ्या. एका दुकानात तीन केव्हीएचा सर्व्हो स्टॅबिलायझर जवळजवळ बिलच करून दिला होता.

पण वहीत एक गोष्ट विचित्र होती. समोरच्यांचा गीझर लागला की आमचं व्होल्टेज वाढायचं. शेजारी लोड आला तर ते पडायला हवं, निदान जागेवर राहायला हवं. मी ती नोंद चार वेळा लाल पेनाने केली आणि आमच्या इमारतीचं काम बघणाऱ्या वायरमन काकांना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून पानं उलटली आणि एवढंच म्हणाले, "ताई, न्यूट्रल ढिला आहे. मीटर रूम उघडायला लागेल."

इमारतीत थ्री-फेज येते आणि प्रत्येक फ्लॅटला एकेक फेज वाटलेला असतो. न्यूट्रल सगळ्यांचा सामाईक. तो घट्ट असेल तर प्रत्येकाला आपापले २३० मिळतात. तो ढिला झाला की तीन फेज एकमेकांशी रस्सीखेच करतात. ज्या फेजवर लोड जास्त, त्याचं व्होल्टेज पडतं आणि हलक्या फेजवरच्यांचं चढतं. आणि न्यूट्रल पूर्ण तुटला तर एखाद्या घरात तीनशेच्या वर, अगदी चारशेच्या जवळही जाऊ शकतं. मग टीव्ही, फ्रिज, अ‍ॅम्प्लिफायर एका क्षणात जातात.

सोसायटीच्या सेक्रेटरींना वही दाखवली, वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घेतला, लायसन्सवाले कंत्राटदार आले. मेन स्विचच्या पुढच्या न्यूट्रल पट्टीवर अ‍ॅल्युमिनियमची केबल तांब्याच्या पट्टीला साध्या थिंबलने, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोपणाने, बसवलेली होती. बोल्ट काळा पडलेला, थिंबलची एक बाजू जळून ठिसूळ झालेली. अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं एकमेकांना थेट लावले आणि त्यात ठाण्याची दमट हवा, की सांधा आतून खराब होत जातो. त्यासाठी दोन धातूंचं वेगळं थिंबल मिळतं, ते लावलं. काम दीड तासाचं. त्या रात्री नऊला मीटरने २२६ दाखवले. पुढचे दहा दिवस २२२ ते २४२च्या आत.

सर्व्होचं बिल मी केलं नाही. पण केलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार अजूनही मनात येतो. त्याने आकडा २३०वर धरून ठेवला असता, मी निर्धास्त झाले असते, आणि खाली तो बोल्ट जळत राहिला असता. माझंच नव्हे, चोवीस घरांचं नुकसान झालं असतं.

आता उरलेल्या चढउतारासाठी स्टॅबिलायझर हवाच का? हे गणित मी स्वतः केलं. अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुट स्टेजला जाणारं व्होल्टेज बहुतेक वेळा मेन्सबरोबर, म्हणजे भिंतीतल्या विजेबरोबर, वर-खाली होतं. मेन्स दहा टक्के पडलं तर जास्तीत जास्त पॉवर एकोणीस टक्क्यांनी कमी होते. ऐकायला मोठं वाटतं, पण कानाला तो फरक एक डेसिबलहूनही कमी, ०.९. आणि तोही आवाज पूर्ण चढवला तरच. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. प्री-अ‍ॅम्पसारख्या नाजूक भागांना आत रेग्युलेटर असतातच. शिवाय रिलेवाला स्टॅबिलायझर व्होल्टेजची पायरी बदलताना 'टक्' करतो, आणि ते 'टक्' आलापाच्या मधोमध पडतं. स्टॅबिलायझर वाईट असतो असं नाही, गावाकडे १७० व्होल्टवर पंप चालवणाऱ्याला तो लागतोच. आमच्या हॉलला लागत नव्हता.

ऑनलाइन यूपीएस मात्र मी घरी आणून बघितला. भाच्याच्या ऑफिसात एक केव्हीएचा एक जास्तीचा पडून होता. तो मेन्सची वीज डीसी करतो आणि त्यातून नवी, स्वच्छ साइन वेव्ह बनवतो. कागदावर याच्याहून चांगलं काही नाही. लावला, आणि त्याचा पंखा सुरू झाला. अण्णांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "एक घूं काढायला दुसरा भर्र आणलास." दुसऱ्या दिवशी परत पाठवला.

दरम्यान वायरमन काकांनी हॉलमधल्या थ्री-पिन सॉकेटची प्लेट उघडली. वरच्या जाड पिनेला वायरच नव्हती. चाळीस वर्षं ते सॉकेट फक्त दिसायला तीन पिनांचं होतं. अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्यावर मीटरने १०८ व्होल्ट दाखवले. टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स यांच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, त्यांतून अगदी किंचित करंट बाहेर गळतो आणि ऑडिओच्या तारेवरून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत येतो. अर्थिंग नसेल तर सगळ्यांचे पत्रे निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतात. हात फिरवला की जी झिणझिण लागते ती हीच. अण्णा "आज झिणझिण आहे" असं म्हणायचे आणि मी म्हणायचे, हवेत कोरडेपणा असेल. ठाण्यात! आजही हे आठवलं की अंगावर काटा येतो.

तळमजल्यापासून अडीच स्क्वेअर एमएमची हिरवी वायर पट्टीतून वर आणली. खाली अर्थिंगचा खड्डा मे महिन्याच्या उन्हात ठणठणीत कोरडा. अर्थ टेस्टरने ११ ओहम दाखवले. मीठ-कोळसा नव्याने भरून, पाणी सोडून ३वर आले. आता दर उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा तिथे बादलीभर पाणी पडतं. वॉचमनने ते काम आपणहून घेतलंय.

अर्थिंग आलं तेव्हा स्पीकरमधला ५०चा गुंगाट मात्र वाढला. मी घाबरले. एका ओळखीच्याने सल्ला दिला, "अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थ पिन कापून टाका, जाईल." मला हे इथे ठामपणे सांगायचं आहे की तो गुंगाट जाईलही, पण पिन कापू नका. कुणीही नाही. आतली एखादी फेजची वायर पत्र्याला टेकली तर तुमच्या माणसाला वाचवणारी पहिली गोष्ट ती पिनच. आमच्या घरात ते बटण ८३ वर्षांचे हात दाबतात.

खरं कारण साधं निघालं. टीव्हीचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरला देणारी एक तार होती, आणि टीव्हीला येणारी केबल गच्चीवरून तिचं वेगळंच अर्थ घेऊन येत होती. दोन ठिकाणचं अर्थ एका तारेने जोडलं की त्या वेढ्यातून करंट फिरतो आणि तो थेट ऑडिओच्या ग्राउंडमध्ये, म्हणजे सिग्नलच्या परतीच्या तारेत, उतरतो. ती तार काढली. गुंगाट गेला. खर्च शून्य. बातम्या आम्ही टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकतो.

उरला अंगातला, १००चा. न्यूट्रल नीट केल्यावर तो निम्म्यावर आला होता, आणि त्यामागचं कारण मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त आवडलं. भाचीचा जुना हेअर ड्रायर अर्ध्या उष्णतेवर लावला की अ‍ॅम्प्लिफायर गुरगुरायचा, पूर्ण उष्णतेवर लावला की गप्प. अर्धी उष्णता देण्यासाठी ड्रायरच्या आत एक डायोड असतो, तो विजेच्या लाटेचा एकच अर्धा भाग जाऊ देतो. मग लाट एका बाजूला किंचित कलते, म्हणजे मेन्सवर थोडंसं डीसी चढतं. वाटेतला सांधा जितका खराब, तितका हा कल जास्त. आमच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये टोरॉइड, म्हणजे चकतीसारखा गोल ट्रान्सफॉर्मर आहे. त्याच्या लोखंडी कड्यात कुठेही फट नसते, त्यामुळे एवढ्याशा डीसीनेही ते कडं एका बाजूला भरून जातं आणि ओरडतं. ड्रायर आमचा असो, वरच्यांचा असो, ओरडणार आमचाच.

डीसी अडवायचं तर दोन वाटा. मालिकेत कपॅसिटर आणि डायोड असलेला डीसी ब्लॉकर, किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, ज्यात आत येणारी आणि बाहेर जाणारी गुंडाळी एकमेकींना तारेने जोडलेल्या नसतात. ट्रान्सफॉर्मरमधून डीसी पलीकडे जातच नाही. मी दुसरा निवडला, कारण त्याने फेज-न्यूट्रलवरून एकत्र येणारा कचराही कमी होतो. मुंबईच्या लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, एक चक्कर मारली, तयार माल मिळत होता, पण आतून कसा गुंडाळलाय ते सांगणारं कुणी नव्हतं. शेवटी वागळे इस्टेटमध्ये, घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर, एका गाळ्यात वाइंडिंग करणारे गृहस्थ भेटले. हॉस्पिटलच्या यंत्रांसाठी ते हेच बनवतात.

माझी वही त्यांनी अण्णांसारखीच मन लावून बघितली. "गोल नको, ताई. पट्ट्यांचा घ्या, ई-आय," म्हणाले. ई आणि आय आकाराच्या पट्ट्या एकमेकींत बसवताना सांध्यांवर केसाएवढी फट राहते, आणि तीच थोडंफार डीसी पचवते. दुसरं, त्यांनी प्रायमरी, म्हणजे वीज आत येते ती गुंडाळी, २६० व्होल्टची धरून गुंडाळायचं सुचवलं. मग २३०वर लोखंडावर ताण कमी, ते गार राहतं आणि घुमतं कमी. प्रायमरी आणि सेकंडरीच्या, म्हणजे वीज बाहेर देणाऱ्या गुंडाळीच्या, मध्ये तांब्याच्या पत्र्याचा पडदा, तो अर्थला. पूर्ण वाइंडिंग व्हार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजायचं, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर थरथरत नाहीत. ४०० वॉटच्या लोडला एक केव्हीए. मी दोन घेऊ का विचारलं, तर म्हणाले, "कशाला? जेवढं मोठं लोखंड, तेवढा सुरुवातीचा झटका मोठा." आठ दिवसांनी १४ किलोचं ते धूड रिक्षात माझ्या पायाशी ठेवून घरी आणलं. साडेसात हजार रुपये.

पहिल्यांदा चालू केला आणि एमसीबी खटकन पडला. चालू होताना ट्रान्सफॉर्मर क्षणभर बराच जास्त करंट ओढतो. काकांनी बी प्रकारचा एमसीबी काढून असा क्षणिक झटका सोसणारा सी प्रकारचा बसवला, तेव्हापासून पडला नाही. एक गोष्ट मात्र काकांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतली. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे गळती झाली तर घराच्या मेन बोर्डातला आरसीसीबी, म्हणजे गळती दिसली की वीज तोडणारा स्विच, ती ओळखत नाही, कारण त्याच्यासाठी पलीकडचं जग तुटलेलं असतं. म्हणून सेकंडरीचं एक टोक अर्थला बांधून त्यापुढे ३० मिलिअँपिअरचा वेगळा आरसीसीबी लावला. हे काम घरच्या घरी करायचं नाही, जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यायचं.

मेन बोर्डात विजेच्या क्षणिक मोठ्या झटक्यांसाठी टाइप २चा सर्ज प्रोटेक्टर आणि त्याआधी व्होल्टेज २६०च्या वर किंवा १८०च्या खाली गेलं की लाइन तोडणारं उपकरण बसवलं. दोन्ही का, असं भाच्याने विचारलं. सर्ज प्रोटेक्टरमधला एमओव्ही, म्हणजे जास्तीचं व्होल्टेज शोषणारा भाग, काही मायक्रोसेकंदांचा झटका पितो. न्यूट्रल तुटून मिनिटभर ३५० व्होल्ट आले तर तो स्वतःच तापून जळतो. त्या मिनिटासाठी दुसरं.

ट्रान्सफॉर्मर स्वतः अगदी बारीक घुमतो, म्हणून तो हॉलमध्ये नाही, दाराबाहेरच्या पॅसेजमधल्या चपलांच्या कपाटाशेजारी, जाळीच्या पेटीत आहे. तिथून चार स्क्वेअरची वायर आत येते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, बाहेर सरी चालू असताना तीच रेकॉर्ड लावली. सुई टेकायच्या आधी अण्णांनी हात वर केला आणि आम्ही दोघं नुसतेच बसून राहिलो. मग मला तानपुऱ्याच्या चार तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या, पंचम, जोडीच्या दोन आणि खर्ज, प्रत्येक तार छेडली गेल्यावर तिच्या मागे उठणारी जवारी, ती गुंजणारी झंकार, सुद्धा. इतकी वर्षं ही रेकॉर्ड घरात आहे आणि मी ती जवारी पहिल्यांदा ऐकत होते. अण्णा काही बोलले नाहीत. बाजू संपेपर्यंत त्यांची बोटं मांडीवर तारा छेडत होती.

गेल्या आठवड्यात बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या होत्या. त्यांच्याकडे संध्याकाळी दिवे अचानक प्रखर होतात. मी त्यांना व्होल्टमीटर आणि कोरी वही दिली. त्यांच्या नोंदींतही तेच दिसतंय, शेजारी लोड आला की यांचं व्होल्टेज वर. रविवारी सकाळी काका बी विंगची मीटर रूम उघडणार आहेत. मी वही घेऊन खाली जाणार आहे.